होकार कळवला, आता जायचं नाही: नोकरीची ऑफर स्वीकारून मागे फिरताना

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला नाशिकच्या इंदिरानगरहून ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. मुलगा यंदा इंजिनिअर झालाय. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं, त्यानं ईमेलवर ‘मान्य आहे’ असं कळवलं आणि एक तारखेचं जॉइनिंग ठरलं. मग हिंजवडीतून दुसरी ऑफर आली. पगार जवळपास दीडपट आणि काम त्याला हवं तेच. अंबडला नाही म्हणायचं ठरवलं, तर ज्या कन्सल्टन्सीनं ही नोकरी लावून दिली होती तिथल्या माणसानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘तुझ्यावर लीगल अ‍ॅक्शन होईल, करिअर संपेल.’

ताईंचा आवाज कापत होता. “दादा, याला अटक करतील का हो? आणि त्यानं कंपनीत बाँड लिहून दिलाय, एक सही केलेला चेकही देऊन ठेवलाय.”

मी वकील नाही. पण सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत एचआरच्या खुर्चीत अठरा वर्षं काढली. ऑफर लेटर छापायची, होकार फाइलला लावायचे आणि जॉइनिंगच्या दिवशी सकाळी साडेनऊला रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचं, हे सगळं केलंय. कंपनीच्या वकिलांबरोबर बसून अशा प्रकरणांत पुढे काय करता येतं आणि काय येत नाही, तेही पाहिलंय. ताईंना त्या रात्री घाईत जे सांगितलं ते इथे नीट सांगतो, कारण हा प्रश्न एका घराचा नाही. कॅम्पसचा हंगाम सुरू झाला की सिडकोपासून सिन्नरपर्यंत कितीतरी घरांत हीच धाकधूक असते.

कागद तीन, वजन वेगवेगळं

कॅम्पसमध्ये निवड झाली की बहुतेकदा आधी मिळतं ते लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे इरादापत्र. ‘तुला घ्यायचा विचार आहे, आधी शेवटचं सेमिस्टर पास हो’ असा त्याचा सूर असतो आणि तारीख मोघम असते. मग येतं ऑफर लेटर. त्यात पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि ‘अमुक दिवसांत होकार कळवा’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. शेवटी नेमणूकपत्र, म्हणजे अपॉइंटमेंट लेटर. ते रुजू होताना किंवा झाल्यावर मिळतं. आपल्याकडच्या छोट्या युनिटमध्ये ते वर्षानुवर्षं मिळायचंच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक झालं. त्यामुळे आता जास्त घरांत असे कागद येतील आणि ते वाचून पडणारे प्रश्नही वाढतील.

लग्नाच्या भाषेत सांगायचं तर इरादापत्र म्हणजे पाहण्याचा कार्यक्रम. ऑफरला होकार दिला की सुपारी फुटली. रुजू झालात की अक्षता पडल्या. सुपारी फुटल्यावर लग्न मोडलं तर मनं दुखावतात, झालेल्या खर्चाचा हिशेब निघतो, पण घटस्फोटासाठी कोर्टात जावं लागत नाही. आपण बोलतोय ते सुपारी आणि अक्षता यांच्यामधल्या दिवसांबद्दल.

ईमेलवरचा होकार म्हणजे करार झाला का?

झाला. ‘स्टँप पेपर नाही, सही नाही, नुसता मेल आहे, त्याला काय किंमत’ असं पालक फार विश्वासानं सांगतात, पण ते चूक आहे. आपल्याकडे करारांचा मूळ कायदा १८७२ सालचा आहे, भारतीय करार कायदा. त्याचा गाभा साधा आहे. एकानं प्रस्ताव ठेवला, दुसऱ्यानं तो जसाच्या तसा, अट न घालता मान्य केला, दोन्ही बाजूंना काही द्यायचं-घ्यायचं आहे आणि दोघंही सज्ञान आहेत, की करार होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या १०-अ या कलमानं हेही स्पष्ट केलंय की करार इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला एवढ्याच कारणावरून तो फोल ठरत नाही. पोर्टलवर ‘अ‍ॅक्सेप्ट’चं बटण दाबलं तरी तेच.

‘जसाच्या तसा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ‘मला मान्य आहे, पण पगार दोन हजारांनी वाढवा आणि पंधरा दिवस उशिरा येऊ द्या’ असं लिहिलंत तर तो कायद्यानं होकार नव्हेच. तो तुमचा उलटा प्रस्ताव झाला. कंपनीनं त्यावर हो म्हणेपर्यंत करार झालेला नाही. असा अर्धवट होकार देऊन रात्र रात्र जागणारी मुलं मी पाहिलीत. आधी आपलाच मेल पुन्हा वाचा.

दिलेला होकार परत घेता येतो का? कायदा म्हणतो, घेता येतो, पण होकार समोरच्यापर्यंत पोहोचेपर्यंतच. कायद्यातच दिलेलं उदाहरण टपालाचं आहे. घर विकण्याचा प्रस्ताव पत्रानं आला, होकाराचं पत्र टपालात टाकलं, तर ते समोरच्याच्या हाती पडेपर्यंत होकार रद्द करता येतो, नंतर नाही. १८७२ साली त्यात चार दिवस मिळत असतील. ईमेल काही सेकंदांत पोहोचतो, म्हणून ती वाट आता जवळपास बंद आहे. तेव्हा ‘करार झालाच नव्हता’ असा वाद घालत बसू नका. करार झाला होता आणि तुम्ही तो मोडताय, हे मान्य करून पुढे विचार करायचा. खरा प्रश्न मोडल्यावर काय होतं हा आहे.

कंपनी बळजबरीनं कामावर आणू शकते का?

नाही. लग्नासाठी आचारी ठरवला आणि आदल्या आठवड्यात तो नाही म्हणाला, तर दुसरा आचारी महाग पडला म्हणून वरचे पैसे त्याच्याकडे मागता येतील. पण त्याला ओढून चुलीपुढे बसवता येईल का? आणि बसवला तर त्याच्या हातचं जेवण कोण जेवेल? कायद्याचाही विचार असाच आहे. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ हे नाव जड आहे, पण त्यातली आपल्या कामाची गोष्ट एकच: कोणता करार कोर्ट जसाच्या तसा पुरा करून घेईल आणि कोणत्या करारात फक्त भरपाई देववील. माणसाच्या व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेला करार कोर्ट सक्तीनं पुरा करून घेत नाही, असं त्याचं १४वं कलम सांगतं. त्याच्याही वर संविधानाचं २३वं कलम आहे. त्यानं वेठबिगारीवर बंदी घातलीय.

हे नेहमीच असं नव्हतं. १८५९ साली इंग्रजांनी एक कायदा केला होता. आगाऊ रक्कम घेऊन कामावर न आलेल्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, एक तर पैसे परत कर नाही तर काम पुरं कर असा हुकूम द्यायचा, आणि त्यानं तो मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. कामाचा शब्द मोडणं तेव्हा खरोखरच तुरुंगात नेणारी गोष्ट होती. तो कायदा १९२५ साली रद्द झाला. ताईंच्या ‘अटक करतील का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच मी इतक्या ठामपणे दिलं. नोकरीची ऑफर मोडणं हा दिवाणी मामला आहे, फौजदारी नाही. पोलीस त्यासाठी दारात येत नाहीत.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. सुरुवातीपासूनच जायचा विचार नसताना फक्त जॉइनिंग बोनस किंवा लॅपटॉप पदरात पाडून घेण्यासाठी होकार दिला असेल, तर फसवणुकीचा आरोप होऊ शकतो. होकार देताना मनात काय होतं, यावर तो ठरतो. नंतर चांगली संधी आली म्हणून विचार बदलणं ही फसवणूक नाही. पण कंपनीनं काही दिलं असेल तर ते मागण्याची वाट न पाहता परत करा.

मग नुकसानभरपाई किती मागतील?

इथे आपल्या निफाड-दिंडोरीची द्राक्षबाग आठवा. व्यापारी बागेत आला, मणी चाखले, किलोला दर ठरला, इसार दिला, तोडणीची तारीख ठरली. दोन दिवसांनी दुसरा व्यापारी जास्त दर घेऊन आला आणि शेतकऱ्यानं माल त्याला दिला. पहिला व्यापारी कोर्टात गेला तर काय मागेल? इसार परत, आणि तशीच द्राक्षं दुसऱ्या बागेतून घेताना जो वाढीव दर द्यावा लागला तेवढा फरक. शेजारची बाग त्याच दरानं मिळत असताना तो हातावर हात ठेवून बसला, तर तो तोटा शेतकऱ्याच्या माथी मारता येत नाही.

करार कायद्याचं ७३वं कलम हेच सांगतं. करार मोडल्यामुळे सरळ झालेलं नुकसान मागता येतं, लांबून जोडलेलं नाही. आणि नुकसान मोजताना ते टाळायचे कोणते मार्ग हाताशी होते तेही पाहिलं जातं. नोकरीला हे लावून बघा. तुम्ही गेला नाहीत, तर कंपनीचं सरळ नुकसान काय? पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती, थोडे दिवस रिकामी जागा. मुलाखतीत दुसऱ्या क्रमांकावर कुणी असतंच, त्याला बोलावता येतं. नवख्या उमेदवाराच्या बाबतीत सिद्ध करता येईल असा आकडा फार लहान निघतो आणि वकिलाची फी त्याहून मोठी होते. माझ्या अठरा वर्षांत कंपनीनं रुजूच न झालेल्या फ्रेशरवर दावा लावल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. धमकीचे मेल मात्र पाठवले गेले. त्यातले काही माझ्याच हातून गेले, आणि आज मला ते बरोबर वाटत नाही.

पण ऑफर लेटरमध्ये आकडाच लिहिलाय

‘रुजू न झाल्यास एक महिन्याचा पगार भरावा लागेल’ असं वाक्य अनेक लेटरमध्ये असतं. समजा पगार ३५,००० रुपये आहे. मग ३५,००० द्यायचेच का? इथे ७४वं कलम लागतं. करारात आकडा लिहिलेला असला तरी कोर्ट त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. तो आकडा म्हणजे छत आहे, बिल नाही. सुप्रीम कोर्टानं २०१५ साली कैलाश नाथ असोसिएट्स या कंपनीच्या खटल्यात हे आणखी स्पष्ट केलं: जिथे नुकसान सिद्ध करणं शक्य आहे, तिथे ते सिद्ध करावं लागतं. प्रकरण जमिनीच्या लिलावाचं होतं, पण तत्त्व सगळ्या करारांना लागू आहे.

‘नोटीस पिरिअड दोन महिन्यांचा आहे, तो भर’ असंही सांगतात. नोटीस पिरिअडचं कलम बहुतेक लेटरमध्ये नोकरी सुरू झाल्यानंतरचं असतं. रुजूच झाला नाहीत तर ते लागू होत नाही, पण आपल्या लेटरमधले नेमके शब्द वाचून घ्या.

कंपनीनं तुमच्यासाठी खरोखर खर्च केला असेल तर चित्र बदलतं. विमानाचं तिकीट, घराचं डिपॉझिट, व्हिसा, बाहेरगावचं ट्रेनिंग. या पैशांची पावती असते, आणि ते परत करणं कायद्यानंही योग्य आणि माणुसकीनंही.

मे २०२५ मधला सुप्रीम कोर्टाचा विजया बँकेचा निकाल हल्ली सगळीकडे फिरतोय. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये, हा बँकेचा बाँड कोर्टानं वैध ठरवला. तो दाखवून रुजूही न झालेल्या मुलांना घाबरवलं जातं. त्या प्रकरणातला अधिकारी बँकेत रुजू झाला होता, काम करत होता आणि मुदतीच्या आत सोडून गेला. शिवाय सरकारी बँकेला पुन्हा खुली भरती करावी लागते, ती खर्चाची आणि वेळखाऊ असते, हा मुद्दा कोर्टानं महत्त्वाचा मानला. तुमची गोष्ट वेगळी आहे. पण ‘बाँडला काही अर्थ नसतो’ असं जे मित्र सांगतात, त्यांनीही हा निकाल वाचावा. वाजवी रकमेच्या आणि खऱ्या खर्चावर उभ्या असलेल्या बाँडला अर्थ असतो.

कोरा चेक: इथे मात्र सांभाळा

ताईंच्या बोलण्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या चेकची. काही ठिकाणी ऑफर देतानाच बाँडवर सही घेतात आणि ‘सिक्युरिटी’ म्हणून सही केलेला, रक्कम न लिहिलेला चेक ठेवून घेतात. मुलं देतात. नोकरी हवी असते आणि समोरचा माणूस ‘फॉर्मॅलिटी आहे’ म्हणतो.

मघाशी म्हटलं की ऑफर मोडणं दिवाणी मामला आहे. चेक त्याला फौजदारी वळण देऊ शकतो. चेकच्या कायद्याचं, म्हणजे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं, १३८वं कलम चेक न वटण्याबद्दल आहे. चेक परत आला की ३० दिवसांत तुम्हाला लेखी नोटीस पाठवता येते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर तक्रार दाखल होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘बँकेला सांगून पेमेंट थांबवलं की सुटलो’ हाही गैरसमज आहे. स्टॉप पेमेंटमुळे परत आलेल्या चेकलाही हे कलम लागू शकतं.

तुमच्या बाजूनं मोठी गोष्ट ही की चेक कायद्यानं वसूल करता येईल अशा देण्यापोटी असायला हवा. तुम्ही रुजूच झाला नाहीत, कंपनीनं काही खर्च केला नाही, तर देणं कुठलं, हा तुमचा बचाव आहे आणि तो भक्कम आहे. पण तो कोर्टात उभं राहून मांडावा लागतो. तारखा पडतात आणि मन थकतं. म्हणून चेक दिला असेल तर नाही म्हणताना त्याच मेलमध्ये चेकचा नंबर लिहून तो परत मागा, ‘माझ्याकडे आपलं कोणतंही देणं नाही’ हे वाक्य घाला आणि चेक हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. अजून दिला नसेल तर देऊच नका. मूळ मार्कशीट आणि डिग्री सर्टिफिकेटसुद्धा दाखवायची, कुणाकडे ठेवायची नाही.

या एका बाबतीत मात्र सगळे कागद घेऊन वकिलाला भेटा. खर्चाची भीती असेल तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाच्या घरांना तिथे मोफत वकील मिळू शकतो.

‘नोटीस आली’ म्हणजे काय आलं?

वकिलाची नोटीस आणि कोर्टाचं समन्स यांत घरोघरी गोंधळ होतो. वकिलाची नोटीस म्हणजे एका पक्षाचं म्हणणं, वकिलाच्या लेटरहेडवर. कोर्टाला ती पाठवलीय हेही माहीत नसतं. ती आली म्हणजे केस झाली असं नाही. पण ती फाडून टाकायची नाही. शांतपणे थोडक्यात उत्तर पाठवायचं आणि पोच जपून ठेवायची. करार मोडल्याबद्दल दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं असते, तेवढा काळ सगळे मेल आणि मेसेज सांभाळून ठेवा.

कन्सल्टन्सीच्या माणसाचा राग कुठून येतो तेही समजून घ्या. उमेदवाराच्या वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बाराव्या हिश्शाएवढी, एका महिन्याच्या पगाराची फी हा या धंद्यातला रूढ दर आहे. ती सहसा उमेदवार रुजू होऊन काही काळ टिकला तरच मिळते. तुम्ही नाही म्हणालात की त्याची महिन्याची मेहनत पाण्यात जाते. त्याचं दुःख खरं आहे, त्याच्याशी नीट बोला. पण तुमचा करार कंपनीशी आहे, त्याच्याशी नाही. त्याच्या मेसेजला घाबरून कुठली रक्कम भरू नका.

ब्लॅकलिस्ट होतं का?

देशभरातल्या कंपन्या बघतील अशी कुठलीही सामायिक काळी यादी नाही. पीएफच्या यूएएन नंबरवर नोंद होईल का, असं मुलं विचारतात. तुमच्या नावानं पीएफ भरला गेला तरच तिथे नोंद होते. एक दिवसही रुजू झाला नाहीत तर दिसायचं काय?

त्या एका कंपनीच्या रेकॉर्डला मात्र नोंद राहते आणि पुढे तिथे दार उघडणं अवघड होतं. मोठ्या समूहात सगळ्या कंपन्यांचं रेकॉर्ड एक असू शकतं. शिवाय नाशिक लहान आहे. सातपूरचा एचआर मॅनेजर अंबडच्याला ओळखतो. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांत आम्ही सगळे भेटायचो, आमचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होते. तिथे ‘नाही म्हणाला’ म्हणून कुणाचं नाव निघाल्याचं मला आठवत नाही. ‘फोनच उचलला नाही’ म्हणून मात्र निघायचं.

कॅम्पसमधून आलेली ऑफर असेल तर कॉलेजचा विचार करावा लागतो. बऱ्याच कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम असतो आणि त्यावर तुमची सही असते. कंपनी नाराज झाली तर पुढच्या वर्षी ती त्या कॉलेजात येत नाही, आणि फटका बसतो तो खालच्या बॅचला. म्हणून कंपनीला कळवलं की त्याच दिवशी टीपीओ, म्हणजे कॉलेजात प्लेसमेंटचं काम बघणाऱ्या सरांना स्वतः जाऊन भेटा. त्यांना ही बातमी कंपनीकडून कळू देऊ नका.

‘कंपन्या तरी कुठे शब्द पाळतात?’

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो खरा आहे. २०२२ च्या बॅचमधली कितीतरी मुलं मोठ्या आयटी कंपन्यांचं ऑफर लेटर हातात घेऊन दीड-दोन वर्षं जॉइनिंगची वाट बघत बसली. द्राक्षाचा व्यापारीही तोडणीच्या दिवशी बागेत उभा राहून ‘मार्केट पडलं’ म्हणतो आणि ठरलेला दर पाडतो. कायदा कंपनीलाही तोच आहे. होकार दिल्यावर तिनं ऑफर काढून घेतली, तर भरपाई मागायचा हक्क तुम्हालाही आहे, आणि सिद्ध करायची अडचणही तीच. तेव्हा कंपनी नावाच्या संस्थेपुढे अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

पण त्या जागेवर डोळे लावून आणखी कुणीतरी बसलेलं असतं. त्या माणसाबद्दल सांगायलाच हवं.

एकदा क्वालिटी विभागात एक जागा होती. पहिल्या क्रमांकाच्या मुलानं होकार कळवला. दुसऱ्या क्रमांकावर सिन्नरची एक मुलगी होती, दोघांत फरक जेमतेम एका मार्काचा. नियमाप्रमाणे मी तिला ‘जागा भरली’ असं कळवलं. मुलाला होकार दिल्यानंतर चार दिवसांतच दुसरीकडची नोकरी मिळाली होती, हे मला नंतर समजलं. आम्हाला मात्र तो तीन आठवडे ‘येतोय सर’ म्हणत राहिला, आणि जॉइनिंगच्या दिवशी त्याचा फोन बंद होता. मी लगेच त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, “सर, मागच्या सोमवारीच दुसरीकडे लागले. पगार निम्मा आहे, पण घरात थांबता येईना.” तिथे तिनं वर्षाचा बाँड लिहून दिला होता. चौथ्या दिवशीच त्या मुलानं एक फोन केला असता, तर ती आमच्याकडे असती.

म्हणून मी मुलांना सांगतो की नाही म्हणण्याची भीती बाळगू नका, उशिराची बाळगा. निर्णय झाला त्या दिवशी कळवलंत तर कंपनीचं नुकसान जवळजवळ शून्य असतं, कायद्याच्या हिशेबातही आणि दुसऱ्या उमेदवाराच्याही. एकेक दिवस लांबवाल तसं ते वाढत जातं.

नेमकं कसं सांगायचं

आधी दुसरी ऑफर लेखी हातात आहे याची खात्री करा. फोनवरच्या ‘तुझं झालंय’ या शब्दावर पहिली नोकरी सोडून दोन्हीकडून रिकामे राहिलेले मी पाहिलेत. कंपनीच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून लेटर आलंय का, पत्ता खरा आहे का, कुणी त्यासाठी पैसे मागतंय का, हे बघा.

मग ज्यांनी ऑफर दिली त्यांना आधी फोन, आणि फोन ठेवला की लगेच मेल. खोटं कारण सांगू नका. आजीला आजारी पाडायची गरज नाही, एचआरवाल्यांनी अशा आज्या खूप ऐकल्यात. नवी कंपनी कोणती, हे सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही. पगार वाढवून घ्यायचा डाव म्हणून नाही म्हणत असाल तर हा रस्ता वापरू नका. ‘आम्ही वाढवून देतो’ म्हणाले तर राहायची खरी तयारी असेल तेव्हाच पुढे बोला.

मेल एवढाच पुरे: ‘अमुक तारखेच्या आपल्या ऑफरला मी अमुक तारखेला होकार कळवला होता. माझा निर्णय बदलला असून मी रुजू होऊ शकणार नाही. ही जागा दुसऱ्या उमेदवाराला देता यावी म्हणून निर्णय झाल्याबरोबर कळवत आहे. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहे. आपल्याकडून मिळालेली कोणतीही वस्तू अथवा रक्कम माझ्याकडे नाही. हा मेल मिळाल्याचं कळवावं.’ काही मिळालं असेल तर शेवटून दुसरं वाक्य बदला आणि ते कधी परत करणार तेही लिहा. इंग्रजीत लिहिलात तरी मजकूर हाच ठेवा. उत्तर आलं नाही तर तीन-चार दिवसांनी पुन्हा पाठवा, आणि दोन्ही मेल जपून ठेवा.

फोनवर समोरून आवाज चढेल, दोन शब्द लागतील. ऐकून घ्या. त्या माणसालाही वरून विचारणा होणार असते.

ताईंच्या मुलानं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अंबडला फोन केला, जॉइनिंगच्या नऊ दिवस आधी. एचआर मॅडम दोन मिनिटं रागावल्या, मग म्हणाल्या, “मेल टाक, मी आजच दुसऱ्याला बोलावते.” मेल गेला, पोच आली. चेक तेवढा अजून तिकडेच आहे. सोमवारी तो स्वतः जाऊन आणणार आहे. मी त्याला सांगितलंय, चेकवरचा नंबर आपल्या चेकबुकच्या अर्धुकाशी ताडून बघ, आणि बाँडवर ‘रद्द’ लिहून त्यांची सही घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस.